अनादी म्हणवणाऱ्या प्रथांची तारीख

महाडचा सत्याग्रह म्हटला की २० मार्च १९२७ हा दिवस आठवतो. त्यानंतर दहा वर्षे चाललेला खटला मात्र फारसा कुणाला आठवत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडमधल्या काही सवर्ण रहिवाशांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लावला आणि चवदार तळ्याच्या वापराविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्यामुळे २५ डिसेंबरला महाडात जमलेल्या हजारो लोकांना पाण्याला हात न लावता परतावे लागले. मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत. १९३१ साली महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला, पुढे ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातही तेच झाले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे शेवटचे अपील काढून टाकले.

हा निकाल ज्या मुद्द्यावर लागला तो मुद्दा धर्मेतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावा असा आहे. माणूस म्हणून सर्वांना पाण्याचा सारखा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. त्या काळच्या कायद्यात तशी सोयही नव्हती. वादींचे म्हणणे एवढेच होते की, अस्पृश्यांनी या तळ्यावर पाणी न भरण्याची वहिवाट अनादिकाळापासून चालत आली आहे. ज्ञात काळात अस्पृश्य तेथे पाणी भरत नव्हते हे साक्षीपुराव्यांतून दिसत होते. पण जुने आणि अनादी यांत अंतर आहे. तळ्याच्या चारी बाजूंना सवर्णांची घरे उभी राहण्याआधी या पाण्यावर एकट्याचा हक्क सांगण्याची कुणाला गरज तरी पडली असेल का, असा प्रश्न न्यायालयाने विचारला. त्याला वादींकडे उत्तर नव्हते. प्रथा अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून दावा पडला. ती सिद्ध झाली असती तर ती सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, याचा विचार कदाचित करावा लागला असता, असेही निकालात नोंदवले आहे. पण ती वेळ आली नाही.

हा निकाल वाचताना मनात दोन भावना एकदम येतात. माणसाचा पाण्याचा हक्क कुणाच्या तरी पुराव्यातल्या उणिवेवर अवलंबून राहावा, याची चीड येते. आणि त्याच वेळी हेही लक्षात येते की, ‘कधीपासून?’ या एका साध्या प्रश्नाने गावाची सगळी प्रतिष्ठा पाठीशी असलेला दावा कोसळला. इतिहासाने न्याय सिद्ध होत नाही. एखादी गोष्ट प्राचीन आहे म्हणून ती योग्य ठरत नाही आणि अर्वाचीन आहे म्हणून अयोग्यही ठरत नाही. पण अन्याय जेव्हा अनादित्वाचे कवच घालून उभा राहतो, तेव्हा ते कवच काढून घेण्याचे काम इतिहासच करू शकतो. नीती, राजकारण आणि धर्मेतिहास या तिन्ही विषयांवरचे लेख या संग्रहात एकत्र आणण्यामागे हीच धारणा आहे. पुढच्या पानांत मला सांगायचे आहे ते एवढेच की, महाराष्ट्रात धर्माच्या इतिहासाचे संशोधन कुणाच्या तरी जगण्याच्या निकडीतून उभे राहिले, आणि ती निकड विसरली की ते निर्जीव होते.

सुरुवात झाली ती शास्त्रार्थापासून. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, पण कायद्याने लग्न वैध ठरले तरी ते लावणाऱ्यांवरचा बहिष्कार सुटत नव्हता. विष्णुशास्त्री पंडितांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांचे पुस्तक मराठीत आणले, मुंबईत पुनर्विवाहाला उत्तेजन देणारे मंडळ उभे केले, आणि १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर या विषयावर जाहीर वादविवाद झाला. एका बाजूला न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे सुधारक, दुसऱ्या बाजूला परंपरानिष्ठ शास्त्री, मध्ये पंच. निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. या वादात दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य होती: वचन सापडले तर प्रश्न सुटतो. वचन कोणत्या काळचे, कोणत्या समाजातले, ते प्रत्यक्ष पाळले जात होते की ग्रंथातच होते, हे प्रश्न अजून कुणी विचारत नव्हते.

ते प्रश्न ठळकपणे पुढे आले संमतिवयाच्या वादात. कलकत्त्याला फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी तिच्याहून कितीतरी मोठ्या नवऱ्याच्या बळजबरीमुळे मरण पावली. तिने वयाची दहा वर्षे ओलांडली असल्यामुळे त्या वेळच्या कायद्याने तो बलात्कार ठरत नव्हता. नवऱ्याला किरकोळ गुन्ह्याबद्दल वर्षभराची शिक्षा झाली. संमतीचे वय दहावरून बारा करणारे विधेयक सरकारने आणले आणि सगळा देश त्यावर भांडू लागला. विरोधकांचा शास्त्राधार होता गर्भाधान संस्काराचा. पहिल्या ऋतुप्राप्तीबरोबर हा संस्कार झालाच पाहिजे, म्हणून कायदा हा धर्मातला हस्तक्षेप आहे, असे त्यांचे म्हणणे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८९१ साली यावर एक टिपण लिहून प्रसिद्ध केले आणि लोकमान्य टिळकांनी त्यातल्या अर्थनिर्णयाला आव्हान दिले. टिळकांचा विरोध मुख्यतः परकीय सरकारने सामाजिक सुधारणा कायद्याने लादण्याला होता. पण वचनांच्या अर्थावरही ते तयारीने उतरले होते. दोघांचा संस्कृतचा व्यासंग एवढा की तो वाद आज वाचतानाही दम लागतो.

भांडारकरांचे वेगळेपण इथे दिसते. वचनाला वचन लावून ते थांबले नाहीत. बालविवाहासंबंधी त्या काळात त्यांनी जे लिहिले त्यात ते ग्रंथांना कालक्रमाने मांडतात. गृह्यसूत्रांमध्ये लग्नानंतर चौथ्या दिवशी करायचा चतुर्थीकर्म नावाचा विधी आहे. तो पतिपत्नींच्या प्रत्यक्ष समागमाशी जोडलेला आहे. मग त्या काळी वधू लहान मूल असणे शक्य आहे का? नंतरच्या स्मृतींमध्ये वधूचे वय कमी कमी होत जाते. म्हणजे ज्याला आपण सनातन रीत म्हणतो तिला एक सुरुवात आहे, वाढ आहे. आज हे सोपे वाटते. १८९१ साली पुण्यात असे म्हणणे म्हणजे समाजाचा रोष ओढवून घेणे होते. भांडारकर प्रार्थना समाजाचे, स्वतःच्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून देणारे. त्यामुळे त्यांच्या पांडित्यामागे सुधारकाचा हेतू आहे, हा आरोप त्यांच्यावर झालाच. हेतू होता, यात शंका नाही. प्रश्न असा विचारायला हवा की, हेतूसाठी त्यांनी पुरावा वाकवला का? माझे मत असे की त्यांनी तो वाकवला नाही. हेतूमुळे त्यांनी एक नवा प्रश्न विचारला आणि पुराव्याने जेवढे उत्तर दिले तेवढेच लिहिले. संशोधकाच्या नीतीचा विचार करताना हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पण या वादातली एक उणीव डोळ्याआड करता येणार नाही. जिच्या शरीराबद्दल चर्चा चालली होती ती मुलगी त्या चर्चेत कुठेच नव्हती. सूत्रे होती, भाष्ये होती, स्वराज्य आणि परराज्य होते. तिच्या वतीने बोलणाऱ्या बायका त्या काळी नव्हत्या असे मुळीच नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. न विचारता लावलेल्या लग्नाला नकार देऊन नवऱ्याविरुद्ध न्यायालयात उभ्या राहिलेल्या रखमाबाईंनी १८८५ साली ‘अ हिंदू लेडी’ या सहीने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर पत्रे लिहिली. १८८७ साली न्यायालयाने त्यांना सुनावले की, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे त्या इंग्लंडात शिकून डॉक्टर झाल्या. हे लिखाण धर्मेतिहासाचे साधन म्हणून वाचायला आपल्या अभ्यासकांनी फार उशीर केला. चतुर्थीकर्मावरची सूत्रे जितक्या काळजीने वाचली गेली, तितक्या काळजीने रखमाबाईंची पत्रे वाचली गेली असती तर संमतिवयाचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

या धर्मसभांचा आणि बहिष्कारांचा इतिहास राजकारणापासून वेगळा काढता येत नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल रानडे आणि टिळक यांच्यासारख्या परस्परविरोधी पुढाऱ्यांवरही प्रायश्चित्ताची पाळी आली. १८९९ पासून कोल्हापुरात वेदोक्ताचे प्रकरण पेटले. छत्रपती शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार आहे की पुराणोक्तच, या प्रश्नासाठी शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासूनचे दाखले काढले गेले. धार्मिक विधीचा प्रश्न बघता बघता सत्ता कुणाची, नोकऱ्या कुणाच्या, शिक्षण कुणाचे, इथपर्यंत पोहोचला. शाहू महाराजांनी १९२० साली क्षात्रजगद्गुरूचे पीठ उभे केले ते याच वाटेने.

अशा वातावरणात एका मोठ्या कामाचा जन्म झाला, आणि तो एका प्रस्तावनेतून झाला. मुंबई उच्च न्यायालयातले वकील पांडुरंग वामन काणे हे नीळकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध करत होते. सतराव्या शतकातल्या काशीच्या भट्ट घराण्याचा हा ग्रंथ. गागाभट्ट याच घराण्यातले. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांत वारसा आणि वाटणीच्या खटल्यांत त्याचा आधार घेतला जाई. वाचकाला धर्मशास्त्राच्या वाङ्मयाची पूर्वपीठिका कळावी म्हणून काण्यांनी प्रस्तावनेची जुळवाजुळव सुरू केली. ती प्रस्तावना त्या पुस्तकात मावणारी नव्हती. १९३० साली तिचा पहिला खंड ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या नावाने निघाला, पाचवा खंड पुरा झाला तो १९६२ साली. पृष्ठसंख्या साडेसहा हजारांवर गेली. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. चिपळूणजवळच्या गावात जन्मलेल्या, वकिली सांभाळून रोज ग्रंथ उपसणाऱ्या या माणसाने एकट्याने जे केले ते एखाद्या संस्थेलाही साधले नसते.

काण्यांचा पहिला खंड मुख्यतः कालनिर्णयाचा आहे: कोणता ग्रंथ कधीचा, कोणता कुणाच्या आधीचा. अनेकांना हा भाग रुक्ष वाटतो. मला तो सबंध ग्रंथाचा नैतिक पाया वाटतो. कारण एकदा ग्रंथ काळाच्या ओळीत उभे केले की, ‘शास्त्र सांगते’ हे वाक्य तसेच्या तसे उच्चारता येत नाही. कोणते शास्त्र, कोणत्या शतकातले, आणि त्याच्या शेजारचे दुसरे काय सांगते, हे विचारावेच लागते. १९४१ साली आलेल्या दुसऱ्या खंडात काण्यांनी अस्पृश्यतेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि तिथेही हाच क्रम लावला. वर्णावर्णांतल्या शिक्षांचा भेद, शूद्रांवरची बंधने, स्त्रियांविषयीची कठोर वचने त्यांनी लपवली नाहीत. स्वतः धार्मिक वृत्तीचे असूनही त्यांनी सोयीची वचने वर आणि अडचणीची वचने तळटीपेत अशी विभागणी केली नाही.

वाईला याच सुमारास दुसरे काम चालले होते. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी प्राज्ञपाठशाळा उभी केली. तिथून ‘मीमांसाकोश’ निघाला, ‘धर्मकोश’ सुरू झाला. त्यांचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी हे तर्कतीर्थ झाले आणि १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींना अस्पृश्यतेच्या प्रश्नावर शास्त्राधार देण्यासाठी जाऊ लागले. पुढच्या वर्षी पुण्यात देवदास गांधी आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह त्यांनी लावला. मग हाच पंडित ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहितो आणि धर्मसंस्थेच्या मुळाशीच हात घालतो. ही वाटचाल एका माणसाची असली तरी तिच्यात सगळ्या विषयाची वाटचाल दिसते. सुरुवातीला शास्त्रात सुधारणेला आधार शोधायचा, मग शास्त्र कसे घडले ते पाहायचे, आणि शेवटी ते आज का मानायचे हे विचारायचे.

तो शेवटचा प्रश्न काहींनी पहिल्यांदाच विचारला होता, हे मात्र विसरू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली. त्यांनी अवतारकथा उलट्या बाजूने वाचल्या: जिंकणाऱ्यांनी सांगितलेल्या कथेत हरलेल्यांचा इतिहास कुठे दडला आहे? त्यांचे कित्येक तपशील आजच्या पुरातत्त्वाला किंवा भाषाशास्त्राला मान्य होणार नाहीत. पण ही कथा टिकल्याने कुणाचा फायदा झाला, हा त्यांचा प्रश्न आज जगभर विद्यापीठांत विचारला जातो. फुल्यांना संशोधक मानायचे की नाही यावर आपल्याकडे फार शाई खर्ची पडली. मला तो वाद निष्फळ वाटतो. प्रश्न बदलणारा माणूस शास्त्राची दिशा बदलतो, मग त्याच्याकडे तळटीपा असोत की नसोत.

विठ्ठल रामजी शिंदे यांच्याकडे मला इथे थोडे थांबायचे आहे, कारण त्यांची उपेक्षा मनाला लागते. जमखंडीत जन्मलेला हा तरुण १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करायला गेला. परत येऊन त्याने अध्यापकाची गादी शोधली नाही. १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, वस्त्यांत शाळा आणि वसतिगृहे चालवली. हे करत असताना त्यांचा अभ्यास सुटला नव्हता. ते देशभर हिंडले, ब्रह्मदेशात गेले, तिथल्या बौद्ध समाजातही बहिष्कृत गट आहेत हे त्यांनी पाहिले, आणि १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हे पुस्तक दिले. ग्रंथ, जनगणना, लोकांची कुलदैवते, आडनावे, हिंडताना टिपलेल्या गोष्टी, सगळे त्यात एकत्र येते. काणे ग्रंथांतून समाजाकडे पाहतात, शिंदे समाजातून ग्रंथांकडे जातात. राजकारणात मात्र ते दोन्हीकडून एकटे पडले. सवर्णांना ते नकोसे होते, आणि स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर आंबेडकरांच्या चळवळीशीही त्यांचे पटले नाही. माणूस बाजूला पडला आणि त्याबरोबर पुस्तकही.

बाबासाहेबांच्या संशोधनाविषयी लिहिताना महाडच्या निकालाकडे पुन्हा यावे लागते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचणारा विद्यार्थी, १९२७ साली मनुस्मृती जाळण्याचा ठराव मंजूर करणाऱ्या परिषदेचा अध्यक्ष, १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’ या भाषणात शास्त्रांचे प्रामाण्यच नाकारा असे सांगणारा विचारवंत. प्रामाण्य नाकारल्यावर इतिहासाची गरज ती काय, असे कुणालाही वाटेल. तरीही त्यांनी १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीवर आणि १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवर सबंध ग्रंथ लिहिले. दुसऱ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते स्वच्छ सांगतात की, इथे पुराव्याची साखळी जागोजागी तुटलेली आहे आणि तुटलेले दुवे अनुमानाने जोडावे लागतील. मग ते अस्पृश्यतेच्या जन्माचा अंदाजे काळच ठरवतात: इसवी सन ४०० च्या आसपास. हा कालनिर्णय आज सर्वांना मान्य नाही, त्यावर पुष्कळ मतभेद आहेत. पण त्यांनी तारीख का लावली, हे महाडनंतर वेगळे सांगायला नको. ज्याला जन्म आहे त्याला मरणही असू शकते. प्रामाण्य नाकारणे हा नैतिक निर्णय होता. उत्पत्ती शोधणे हे त्या निर्णयाला लोकांच्या मनात जागा करून देणे होते. कारण जो माणूस पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालत आले आहे असे ऐकत वाढला, त्याला नुसते हे चूक आहे म्हणून पुरत नाही.

कालनिर्णयाचा गैरवापरही होतो. ‘मूळ धर्म शुद्ध होता, पुढे तो बिघडला’ हे वाक्य सुधारकांनी सोयीसाठी इतके वापरले की ते एक नवे शास्त्रवचनच होऊन बसले. वेदकाळात स्त्रिया स्वतंत्र होत्या, असे म्हणताना कुठल्या स्त्रिया, दासींचे काय, हे विचारायचे राहून जाते. आणि बिघाडाचे खापर फोडायला मग एखादे परके आक्रमण शोधले जाते. बालविवाह आणि पडदा मुसलमानी राजवटीमुळे आले, असे आजही व्याख्यानांत ऐकू येते. बालविवाहाची वचने स्मृतींत त्या राजवटीच्या कितीतरी शतके आधी आहेत, हे भांडारकर आणि काणे यांनी दाखवून ठेवलेले असताना.

संतांच्या इतिहासाचे असेच झाले. रानड्यांनी १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर लिहिताना संतांच्या चळवळीला त्या उदयाची पूर्वतयारी म्हटले आणि युरोपातल्या धर्मसुधारणेशी तिचे नाते जोडले. इतिहासाचार्य राजवाड्यांना ते पटले नाही. त्यांना संतांच्या शिकवणुकीत राष्ट्राला निष्क्रिय करणारी वृत्ती दिसली. गं. बा. सरदारांनी पुढे ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ लिहून या वादाला अधिक समंजस वळण दिले. पण या सगळ्यांनी संतांना विचारले ते आपल्या काळाचे राजकीय प्रश्न. वारीत चालणारा माणूस नेमके काय करतो, हे पाहायला इरावती कर्वे स्वतः दिंडीतून चालत गेल्या. त्यांच्या ‘वाटचाल’ या लेखात एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसे मुक्कामाला जातीजातीने वेगळी जेवतात हे दिसते, आणि ते पाहून झालेली त्यांची तळमळ लपत नाही. अभंगांच्या अभ्यासातून कधीच न कळणारी गोष्ट त्यांना पंगतीत कळली.

चालण्याचीच गोष्ट निघाली म्हणून दामोदर कोसंबींचे नाव घेतो. गणिताचा हा प्रकांड पंडित पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायाखाली घालत असे. म्हसोबा, बोल्हाई, यमाईची ठाणी आणि अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे एकाच वाटांवर सापडतात हे त्याने नोंदवले, आणि १९६२ सालच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त देवतांचा इतिहास व्यापारी आणि गुराख्यांच्या वाटांशी जोडला. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात पंढरपूरच्या दैवताची पाळेमुळे धनगर-गवळ्यांच्या दैवतापर्यंत नेली. जर्मनीतून आलेले गुंथर सोन्थायमर मुळात हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्याचे अभ्यासक. ते धर्मशास्त्राच्या पोथीतून उठून खंडोबाच्या जत्रेत आणि धनगरांच्या वाड्यांवर गेले, त्यांच्या ओव्या टिपू लागले. या तिघांमुळे धर्मेतिहास म्हणजे संस्कृत ग्रंथांचा इतिहास, ही समजूत कायमची मोडली. आणि त्याचा राजकीय अर्थही उघड आहे. विठ्ठल जर गुराख्यांचा असेल, तर त्याच्या गाभाऱ्याचा दरवाजा कुणी कुणासाठी बंद करायचा? साने गुरुजींनी अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषण केले तेव्हा ढेऱ्यांचा ग्रंथ नव्हता. त्यांना त्याची गरजही नव्हती. पण १९७३ च्या पंढरपूर मंदिर कायद्याविरुद्ध बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा जो वाद सुरू झाला आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात संपला, त्याच्याही मुळाशी ‘हे आमच्याकडे पूर्वापार आहे’ हेच म्हणणे होते.

हिंदू समाजापुरताच हा विषय नाही. हमीद दलवाईंनी १९६६ साली तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. मंडळाच्या नावातच फुल्यांचा वारसा आहे. दलवाईंनी धर्मग्रंथातून अनुकूल अर्थ काढण्याचा मार्ग घेतला नाही, संविधानाचा घेतला. असगर अली इंजिनियरांनी कुराणाच्या पुनर्वाचनाचा घेतला. दोन्ही मार्गांचा आपल्याकडे शांतपणे तौलनिक अभ्यास व्हायला हवा. हाजी अलीच्या दर्ग्याचे प्रकरण तर महाडची आठवण करून देणारे आहे. मजारीजवळ स्त्रियांना जाऊ देणे हे पाप आहे, असे विश्वस्तांचे म्हणणे होते; आणि याचिका करणाऱ्या स्त्रियांनी दाखवून दिले की, काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या स्वतः आत जात होत्या. बंदी आली ती २०१२ च्या सुमारास. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि या वेळी समतेचा हक्क संविधानात लिहिलेला असल्यामुळे न्यायालयाला नुसत्या पुराव्याच्या उणिवेवर थांबावे लागले नाही. तरीसुद्धा ‘ही प्रथा धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का?’ असा प्रश्न आज न्यायालये वारंवार विचारतात. त्याचे उत्तर देण्यासाठी धर्माचा इतिहास लागतो. तो इतिहास चांगला लिहिलेला असला तर न्यायालयासमोर येईल, नाहीतर अर्धवट उतारे येतील.

म्हणूनच संशोधनावरचे हल्ले मला नुसते कायदा-सुव्यवस्थेचे प्रश्न वाटत नाहीत. ५ जानेवारी २००४ रोजी एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावरून भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि पिढ्यांनी जमवलेल्या ग्रंथसंग्रहाची नासधूस झाली. त्या पुस्तकातल्या मजकुरावर टीका करण्यासारखे पुष्कळ होते, आणि ती इतिहासाच्या जाणकारांनी केलीही. पण ज्या ग्रंथांतून उद्या उत्तर मिळायचे तेच फाडून टाकणे हे त्या टीकेला दुबळे करणे होते. २०१५ साली धारवाडला डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची हत्या झाली. लिंगायत शरणांच्या वचनसाहित्याचे ते थोर संपादक होते. त्यांच्या हत्येमुळे कन्नडबरोबर मराठीचेही नुकसान झाले आहे, कारण वारकरी आणि शरण परंपरांच्या नात्यावर अजून कितीतरी लिहायचे आहे.

संशोधकाचीही काही बांधिलकी आहे. ज्यांच्या देवावर, ओव्यांवर, जत्रेवर आपण लिहितो ती माणसे जिवंत आहेत, आणि आपला निष्कर्ष त्यांना रुचेलच असे नाही. त्यांना न रुचणारे लिहिण्याचा हक्क संशोधकाला आहे. त्यांना न ऐकता लिहिण्याचा नाही, असे मी मानतो. सोन्थायमर धनगरांच्या वाड्यावर बसून ऐकत असत, शिंदे वस्तीत राहात असत. ग्रंथालयात बसून केलेल्या कामाला मी कमी लेखत नाही, काण्यांचे उदाहरण समोर असताना तसे कोण करील? पण आज ज्या विषयांवर लिहायचे राहिले आहे ते बहुतेक ग्रंथालयाबाहेरचे आहेत.

पुण्याच्या पेशवे दप्तरात ग्रामण्यांचे, म्हणजे जातिबहिष्काराच्या तंट्यांचे, प्रायश्चित्तांचे, जातिनिवाड्यांचे कागद आहेत. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ साली, म्हणजे १८७० च्या वादानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. या दोन टोकांमधला बहिष्काराचा सलग इतिहास कुणीतरी लिहायला हवा. महाडच्या खटल्यातल्या साक्षी, देवस्थानांची हिशेबाची वहीखाती, गावोगावच्या पाणवठ्यांचे नकाशे अजून पुरेसे वापरले गेलेले नाहीत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकासाठी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यातल्या अनेक जणी वृद्ध झाल्या होत्या. ते काम थोडे आधी सुरू झाले असते तर आणखी कितीजणी बोलल्या असत्या, हा विचार मला अस्वस्थ करतो.

या संग्रहातले लेख कालक्रमाने लावलेले नाहीत. मुद्दाम खटल्यांवरचे लेख आधी घेतले आहेत, धर्मग्रंथांवरचे नंतर, आणि क्षेत्रकार्यावरचे शेवटी. वाचकाने आधी माणूस काय मागत होता ते पाहावे आणि मग त्याला कोणते वचन दाखवून अडवले गेले ते वाचावे, अशी अपेक्षा आहे. काही लेखांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. विशेषतः अस्पृश्यतेच्या काळासंबंधी आणि वारकरी पंथाच्या सामाजिक परिणामासंबंधी लेखकांची मते थेट परस्परविरोधी आहेत. संपादक म्हणून ती जुळवण्याचा प्रयत्न मी केलेला नाही. ज्यांच्याकडे नवे कागद किंवा नव्या आठवणी असतील त्यांनी त्या घेऊन या वादात उतरावे.